लालमहंमदचा ओठ

लालमहंमद भट्टीवाल्याला फसवलं ते त्याच्या घरच्यांनी, आणि ज्या वस्तूनं ती फसवणूक उघडी पाडली ती वस्तू निवडून आणली मी. मला आधी काडीचंही ठाऊक नव्हतं. हे मी भेटेल त्याला सांगत आलोय आणि लोक मान हलवतातही. ज्याचा विश्वास बसायला हवा होता त्याचा मात्र बसला नाही. म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून सांगून टाकतो.

जळकोटात हायवे सोडून गावाकडं वळलं की उजव्या हाताला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी बब्रुवान. जळालेल्या पाणबुड्या मोटारी उघडायच्या, आतली तार काढून नवी भरायची, हा माझा धंदा. माझ्या भिंतीला भिंत लावून लालमहंमदचाचाची भट्टी. इतकी वर्षं माझ्या दुकानात वार्निशचा वास कमी आणि भाजक्या मटणाचा जास्त. गिऱ्हाईक मोटार टाकायला येतं आणि नाक वर करून विचारतं, "चाचाचं आज काय हाय?" माझ्या कामाला कुणी कधी असं नाक वर केलं नाही.

चाचा रान भाजतो. रान म्हणजे शेतातलं नव्हे, बोकडाची मागची अख्खी तंगडी. चाची, म्हणजे त्याची बायको अजीजाबी, आदल्या दिवशी तिला दही, कच्ची पपई आणि घरचा काळा मसाला चोळून ठेवते. दुसऱ्या दिवशी चाचा बाभळीच्या कोळशावर ती तंगडी लोखंडी सळईला अडकवून, वर पत्र्याचं झाकण टाकून, तासन्‌तास फिरवत बसतो. त्याचा बाप उरुसात खड्डा खणून रान भाजायचा, तिथं तो हे शिकला. नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत कुणाची कंदुरी असली, म्हणजे दर्ग्याला नवस फेडायचा असला, की रान चाचाचंच. त्यात हिंदू-मुसलमान असं काही नाही, नवस कुणाचाही असतो.

आता या कामातली अडचण ऐका. कंदुरीचं रान दर्ग्यापुढं अख्खं जायला लागतं. फातेहा पढून होईपर्यंत त्याला सुरी लावायची नाही आणि कुणी जीभही लावायची नाही, भाजणाऱ्यानं तर नाहीच. मग आत हाडापाशी शिजलंय की नाही हे कळणार कसं? यासाठी चाचाकडं जुन्या छत्रीची एक काडी होती. टोक घासून सुईसारखं केलेलं. ती रानाच्या जाड भागात हाडापर्यंत खुपसायची, थोडं थांबायचं, बाहेर काढून फडक्यानं कोरडी करायची आणि खालच्या ओठाला डाव्या बाजूनं बाहेरून टेकवायची. डोळे मिटायचे. मग एकतर 'अजून नाही' अशी मान हलवायची, नाहीतर म्हणायचं, "झालं, उतरवा." तो एकदा "झालं" म्हणाला की झालं. शंका घेणाऱ्याला तो भट्टीपुढून उठवून लावायचा. मला दोनदा उठवलंय.

जळकोटात माणसाकडं शेत असतं, बागाईत असतं, पोरगा पुण्यात असतो. चाचाकडं हा ओठ होता. तो त्याच तोऱ्यात राहायचा आणि मला त्याचा तो तोरा आवडायचा. स्वतःच्या कामाबद्दल ज्याला गुर्मी नाही त्याच्या हातात मी माझी मोटारही देणार नाही.

दोन वर्षांपूर्वी चाचाच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूनं गळायला लागलं, शब्द वाकडे यायला लागले. सोलापुरात त्याची मुलगी तरन्नुम राहते. तिनं तिथल्या दवाखान्यात ठेवलं. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. हात-पाय चांगले राहिले, बोलणं सुधारलं, तोंडाचा डावा कोपरा तेवढा जरा खाली राहिला. घरी आल्यावर कित्येक दिवस तो भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. मी जाऊन बसायचो तर माझ्याशीही बोलायचा नाही. मग एक दिवस उठला, भट्टी पेटवली, काडी ओठाला लावली आणि म्हणाला, "झालं, उतरवा." त्या दिवशी चाची माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, आनंदानं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली, चाचाच्या भट्टीवर उशीर व्हायला लागला. रान उतरलं की चाची ते आत न्यायची आणि केळीच्या पानात बांधून बाहेर आणायला इतका वेळ लावायची की गिऱ्हाईक वैतागून माझ्याकडं येऊन बसायचं. मी सुद्धा ओरडायचो, "चाची, रान बांधताय का पोरीचं लग्न लावताय?" ती आतून म्हणायची, "गरमागरम बांधलं तर पानं फाटत्यात रे." दुसरी गोष्ट फार बारीक. आम्हा दोघांना ती दुपारचा चहा आणायची. आधी दोन कप असायचे. आता मला कपात आणि चाचाला बशीत. मी फुंकर मारत बसायचो तोवर चाचाचा चहा संपलेला असायचा. "तरुण माणसा, चहा पितोस का शीळ घालतोस?" असं म्हणून तो माझी टर उडवायचा.

यंदा चाचीच्या गुडघ्यानं हट्ट धरला. तरन्नुमनं सोलापुरात ऑपरेशन ठरवलं, पुढं तिच्याकडंच राहायचं होतं, दीड-दोन महिने तरी. जायच्या आधी चाची मिक्सरचं भांडं घेऊन माझ्या दुकानात आली. भांड्याला काही झालेलं नव्हतं.

"बब्रू, मटनात खुपसून ऊन बघायचं मशीन मिळतं म्हणं. दवाखान्यातल्या थर्मामीटरवाणी."

"मिळतं की. मोठ्या हाटेलात वापरतात. तुम्हाला कशाला?"

"म्या नसताना ह्यांच्याकडं कोन बघंल?"

"चाची, चाचाच्या ओठापुढं मशीन? मला भट्टीपुढनं उठवतील, तुम्हाला घरातनं."

ती हसली नाही. "मजबूत बघ. ह्यांच्या हातात टिकलं पायजे. आन आकडा मोठा दिसला पायजे." एवढं बोलून ती भांडं तिथंच विसरून गेली.

मी यंत्रातला माणूस. एकदा वस्तू निवडायची म्हटलं की मला दुसरं सुचत नाही. पहिलं मागवलं ते दिसायला झकास, वर गोल प्लास्टिकचं डोकं, खाली सुई. घरी कोंबडीत खुपसून निखाऱ्यावर तसंच ठेवलं आणि फोनवर बोलत बसलो. परत आलो तर डोकं वितळून कोंबडीवर ओघळलेलं. त्या कोंबडीला आमच्या गल्लीतलं कुत्रंही शिवलं नाही. चूक माझीच होती. ती सुई खुपसून, आकडा बघून लगेच काढून घ्यायची असते.

दुसरा प्रकार होता वायरवाला. सुई मटणात ठेवायची, वायर बाहेर काढायची, आकड्याची डबी लांब. कल्पना चांगली, पण तार कुठं तुटते हे मला कुणी शिकवायची गरज नाही. जिथं ती सुईला जोडलेली असते तिथंच रोज वाकते आणि तिथंच जाते. वरून जाळी गुंडाळलेली असली तरी आत तीच गत. शिवाय चाचाची सळई फिरती, वायर तिला गुंडाळली जाणार. ते रद्द.

शेवटी चाकूसारखं मिटणारं एक सापडलं. सुई अख्खी पोलादी, टोकाला बारीक, म्हणजे रानाला छत्रीच्या काडीपेक्षा मोठं भोक पडणार नाही. सांध्याला रबरी पट्टी, पाणी आत जायला वाट नाही. आकडे अंधारातही दिसतील एवढे. आणि मुख्य म्हणजे त्यात पेन्सिल सेल बसत होता, जो आमच्या किराणा दुकानात मिळतो. चपट्या सेलसाठी सोलापूर गाठावं लागलं असतं आणि ते मशीन पहिल्या सेलबरोबरच मेलं असतं. मी ते टेबलावरून फरशीवर टाकलं. रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं. तेलकट हातानं उघडून बघितलं. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवलं, उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव. आपला भाग उंचावर आहे, इथं पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं, तेव्हा तेही बरोबर. मला इतका आनंद झाला की मी ते घेऊन सरळ भट्टीवर गेलो.

त्या दिवशी धनाजीच्या घरची कंदुरी होती. धनाजी आमच्या गावचा ट्रॅक्टरवाला, त्याच्या पोरीला मुलगा झाला म्हणून नवस होता. रान भट्टीवर होतं, चाचा समोर बसला होता. मी म्हणालो, "चाचा, हे चाचीनं तुमच्यासाठी मागवलंय."

त्यानं सुई उघडली, मिटली, पुन्हा उघडली. हसला. "हिला वाटतं, ही गेल्यावर म्या कच्चंच खाईन." बायकोनं आपल्यासाठी काही मागवलं याचं त्याला कौतुक वाटलं, ते त्याच्या तोंडावर मी बघितलं. मग त्यानं काडी काढली, रानात खुपसली, पुसली, ओठाला लावली, डोळे मिटले. "झालं, उतरवा."

मी म्हणालो, "थांबा, मशीन काय म्हणतंय बघू." सुई घातली. आकडा चढत गेला आणि अठ्ठावन्नावर थांबला. आपल्याकडं जसं मऊ, हाडापासून सुटणारं मटण लागतं त्याला आत पंचाऐंशीच्या पुढं जावं लागतं. अठ्ठावन्नला ते आत लालच असतं.

"तुज्या मशिनीला थंडी वाजतीय," चाचा म्हणाला.

मी बाजूच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात सुई घातली. अठ्ठ्याण्णव. पुन्हा रानात, दुसरीकडून. सत्तावन्न. मी म्हणालो, "चाचा, जरा राहू द्या की अजून." तो खुशीत होता. "राहू दे. मशिनीची हौस फिटू दे."

झाकण टाकलं. बराच वेळ गेला. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो. मधे चाची दोनदा आतल्या दारात आली आणि परत गेली. शेवटी मशीनवर अठ्ठ्याऐंशी आलं. चाचानं मोठ्या ऐटीत काडी खुपसली, पुसली, ओठाला लावली. या वेळी जरा जास्तच वेळ ठेवली.

"बघ," तो म्हणाला, "तेवढंच हाय. मगाशी जेवढं व्हतं तेवढंच."

हे तो गर्वानं म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. अठ्ठावन्न आणि अठ्ठ्याऐंशी, त्याच्या ओठाला दोन्ही सारखंच. मी त्याच्या ओठाकडं बघत होतो. काडी टेकली होती तिथं कातडी पांढरी पडून फुगायला लागली होती.

"चाचा, ओठ भाजलाय."

त्यानं बोटानं चाचपून बघितलं. मग ते बोटच बघत बसला. त्याला काही दुखत नव्हतं. मला त्या घडीला त्याच्याकडं बघवेना.

"मंग दोन वर्सं हितनं काय गेलं, बब्रू?" त्यानं विचारलं, पण मान वळवली ती आतल्या दाराकडं. चाची तिथं केळीची पानं हातात घेऊन उभी होती.

"म्या आत नेऊन परत मागच्या अंगणातल्या तंदुरात घालत व्हते," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"तुमी दवाखान्यातनं आलासा तवापासनं. पयल्याच रानातनं लाल पानी निघालं. तुमी त्या दिशी हसला व्हता, म्हनून बोलले न्हाय. मंग रोजच..." ती थोडी पुढं आली. "पर एकबी रान कच्चं गेलं न्हाय. अल्लाकसम, एकबी न्हाय. तुमचं नाव जसंच्या तसं हाय."

ती हे त्याला दिलासा म्हणून सांगत होती.

"तरन्नुमला ठाव हाय?"

चाची हातातली पानं सारखी करायला लागली.

"आन ह्याला?"

मी म्हणालो, "चाचा, आईशपथ, मला काही माहीत नव्हतं."

"मशीन बरं घिऊन आलास."

मशीन माझ्याच हातात होतं.

तो उठला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "कुत्रं तुकडा उचलाय आलं तर म्या हाड म्हनतो. तू माज्या म्होरनं अख्खं रान उचलून नेत व्हतीस, अजीजा. लोकं 'वा चाचा' म्हनायची आन म्या मान डोलवायचो. त्यांना शिकवायचो, ऊन कसं वळखायचं. तू आतनं समदं ऐकत व्हतीस."

"हसले न्हाय ओ म्या कंदी."

"हसली असतीस तर मला कळलं तरी असतं."

धनाजी आला, रान घेऊन गेला. त्या दिवशी ते बांधायला काहीच वेळ लागला नाही.

आता गावात ज्याला त्याला ही गोष्ट कळली आहे आणि जो तो म्हणतो, काय माया, काय बाई. मला या बोलण्याचा राग येतो. माया होती, नाही कोण म्हणतंय? पण माणूस आजारातून उठला, त्याला वाटलं आपण होतो तसे आहोत, आणि दोन वर्षं त्याला त्या वाटण्यात ठेवून घरानं त्याच्या पाठीमागं त्याचं काम केलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तो चार दिवस रुसला असता, शिव्या दिल्या असत्या, मग दुसरी काही युक्ती काढली असती. उजवी बाजू चांगली होती की त्याची! ओठाची जागा बदलली असती तरी भागलं असतं. ते त्याचं त्यानं ठरवायचं होतं. आणि मला म्हणाल तर मीही फसलोच. तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं नव्हतं, म्हणून तिनं मशीनकडून सांगायचं ठरवलं आणि मशीन आणायला मला पाठवलं. मी मूर्खासारखा मजबूत बघून आणलं.

दुसऱ्या दिवशी तरन्नुम गाडी घेऊन आईला न्यायला आली. चाचा गाडीपर्यंत आला नाही. भट्टीवर राख चाळत बसला. मोरी तुंबली होती, तेव्हा त्यानं छत्रीची काडी मोरीच्या नळीत घातली आणि पुढं ती तिथंच ठेवली.

भट्टी मात्र त्यानं बंद केली नाही. मशीन खिशात घेऊनच बसायचा. सुई घालायची, आकडा बघायचा, पंचाऐंशीच्या पुढं गेलं की उतरवायचं, स्वतःच पानात बांधायचं. रानं अगदी बरोबर व्हायची. धनाजीनं येऊन सांगितलं, "चाचा, हाडापास्नं सुटत व्हतं बघा." चाचा म्हणाला, "मशिनीला सांग." त्यानंतर कुणी कौतुक केलं की तो हेच म्हणायचा. हळूहळू लोकांनी कौतुक करायचं सोडलं. रान घेऊन गुमान निघून जायला लागले. डोळे मिटून "झालं" म्हणणं ऐकायला माणसं मुद्दाम थांबायची, ती आता थांबेनात.

चाची सोलापुरातून रोज मला फोन करायची. "जेवले का?" मी म्हणायचो, "जेवले." "काय बोलले का?" मी म्हणायचो, "भट्टीवर आहेत, आवाज येत नाही." ती समजायची. चाचानं एकदा मला विचारलं, "तुला खरंच ठाव नव्हतं?" मी पुन्हा शपथ घेतली. त्यानं मान हलवली, पण ती मान कशी हलते हे मला आता ओळखू येतं.

दोन महिन्यांनी चाची परत आली, वॉकरच्या चौकटीवर रेटत रेटत. तरन्नुम तिला सोडून लगेच गेली. वडलांपुढं उभं राहायची तिची हिंमत नव्हती. चाचानं बायकोला आत घेतलं, खाट टाकून दिली, उशी दिली. जे करायचं ते सगळं केलं. बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं हट्टानं चहा केला. उभं राहवत नव्हतं तरी केला. मला हाक मारली आणि पहिल्यासारखं माझ्यापुढं कप, चाचापुढं बशी ठेवली. चेहरा असा, की आता सगळं सुरळीत होणार. मला पण तसंच वाटलं. मी कप उचलून फुंकर मारायला लागलो.

चाचानं बशी उचलली, तोंडाशी नेली आणि थांबला. माझ्या फुंकरीकडं बघत राहिला. मग बशी खाली ठेवली, खिशातून मशीन काढलं, सुई उघडून चहात बुडवली. चाची हसली. तिला वाटलं, नवरा पुन्हा थट्टेवर आला.

"शेचाळीस," चाचा म्हणाला.

त्यानं माझ्यापुढं हात केला. मी कप दिला. त्यात सुई घातली. आकडा सत्तरच्या पुढं गेला. दोन्ही चहा एकाच पातेल्यातले, एकाच वेळी गाळलेले. त्यानं सुई पुसली, मिटली, खिशात टाकली आणि बायकोकडं बघितलं.

"चहापन, अजीजा?"

चाचीचं हसू गेलं. "ओठ भाजला असता ओ तुमचा," ती म्हणाली. "तुमाला कळलं नसतं. म्हनून आत दोनदा वरखाली करून आनायची."

"आन म्या ह्या बब्रूला हसत व्हतो. फुकतो म्हनून."

मला खरंच ते आठवत होतं. दोन वर्षं रोज दुपारी हसायचा.

माझा कप अजून त्याच्याच हातात होता. तो त्यानं तोंडाला लावला. चाची "अहो, न्हाय" म्हणत हात पुढं करून उठायला गेली, पण गुडघ्यानं तिला उठू दिलं नाही. चाचा घोटामागून घोट घेत राहिला. कप रिकामा करून त्यानं माझ्या हातात दिला. डोळे पाण्यानं भरले होते आणि ओठाचा डावा कोपरा लालभडक झाला होता.

"आज बरोबर व्हता चहा," तो चाचीला म्हणाला, आणि भट्टीकडं निघून गेला.